झाकून पाठवा, कापायची घाई नको : आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई

विषय : उघड्या मूत्राशयासह जन्मलेल्या बाळाचं पहिलं ऑपरेशन कुठे आणि कोणी करावं, याबाबत

महोदय,

मी धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वरिष्ठांना पत्रं लिहिणं हा आमच्या नोकरीचाच भाग. पोषण आहाराचा तांदूळ संपला, छप्पर गळतंय, संगणक आला पण वीज नाही, अशा पत्रांची माझ्याकडे जाडजूड फाइल आहे. त्या प्रत्येक पत्राला जावक क्रमांक आहे, याला नाही. खरं तर हे अकरा वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं, पण तेव्हा नेमकं काय मागायचं हेच मला कळत नव्हतं.

माझा मुलगा जन्मला तेव्हा त्याच्या बेंबीखाली, जिथे पोटाची कातडी असायला हवी तिथे, बोराएवढं नाही, चांगलं लिंबाएवढं लालबुंद ओलं मांस होतं आणि त्यातून थेंब थेंब पाणी झिरपत होतं. सिस्टरने मला दाखवायच्या आधी माझ्या नवऱ्याला बाहेर बोलावून घेतलं. सासूबाईंनी तीनदा विचारलं, ‘मुलगाच आहे ना?’ आणि तिन्ही वेळा सांगणारा अडखळला. ‘लघवीची पिशवी उघडी आहे,’ एवढंच डॉक्टर म्हणाले. ब्लॅडर एक्स्ट्रॉफी हा शब्द आम्ही चौथ्या दिवशी ऐकला.

आपल्या टेबलावर रोज शंभर आजारांच्या फाइली येत असतील, म्हणून हा आजार थोडक्यात सांगते. गर्भाच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत पोटाची खालची भिंत आणि मूत्राशयाची पुढची भिंत जुळून यायची असते, ती जुळत नाही. पिशवी उसवून आतली बाजू वर करून पोटावर पसरून ठेवावी, तसं दिसतं. कमरेच्या हाडांचं कडं पुढे जिथे मिळतं तिथेही फट राहते. मुलांमध्ये मूत्रमार्गही वरच्या अंगाने उघडा असतो. पण बहुतेक बाळांची किडनी, हृदय, मेंदू, सगळं शाबूत असतं. माझा मुलगा आज पाचवीत आहे आणि अपूर्णांकात माझ्याच चुका काढतो.

हे का झालं, याची उत्तरं आमच्याकडे भरपूर आली. आत्याबाईंनी ग्रहण काढलं, शेजारणीने पपई काढली. खरं असं की याचं एकच एक कारण आजवर सापडलेलं नाही, आणि आईने केलेल्या किंवा न केलेल्या कशामुळे हे होत नाही. हे वाक्य मला कोणी तरी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ‘मूत्राशय भरलेलं दिसलं नाही, पुन्हा पाहावे’ असं लिहिलेलं होतं. पुन्हा कोणी पाहिलं नाही. मीही नाही, मला त्याचा अर्थच माहीत नव्हता. मूत्राशय परत परत पाहूनही भरलेलं न दिसणं आणि बेंबीची नाळ नेहमीपेक्षा खाली जोडलेली असणं, ही या आजाराची सोनोग्राफीतली खूण आहे. ती वेळीच ओळखली, तर बाळंतपण कुठे करायचं हे ठरवायला चार महिने हाताशी राहतात.

आता पहिल्या नऊ दिवसांकडे येते, कारण हे पत्र त्या नऊ दिवसांसाठीच आहे.

जन्मल्यावर सिस्टरने त्या उघड्या पिशवीवर कोरडी गॉझ ठेवली. मायेनेच ठेवली. तासाभरात ती चिकटली, आणि काढताना रक्त आलं. नाळेला नेहमीसारखा प्लॅस्टिकचा चिमटा लावला होता. बाळ पाय हलवी तसा तो चिमटा त्या नाजूक अस्तरावर घासे. तिसऱ्या दिवशी तिथे सूज आली, पुरळासारखे फोड दिसायला लागले. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. त्या सिस्टरने आयुष्यात असं बाळ पाहिलंच नव्हतं.

करायला काय हवं होतं? नाळेचा चिमटा काढून तिथे दोऱ्याची गाठ मारायची. उघडी पिशवी कोमट सलाइनने ओली करून तिच्यावर स्वयंपाकघरात भाकऱ्या गुंडाळतो तसली पातळ पारदर्शक फिल्म ठेवायची. लंगोट बदलताना दर वेळी सलाइनने धुऊन फिल्म बदलायची. बाळाला अंगावर पाजायचं. किडनीची सोनोग्राफी करायची. आणि जिथे हे ऑपरेशन नेहमी होतं तिथे फोन करायचा. एवढंच. साठ रुपयांचा फिल्मचा रोल आणि एक दोरा, यात आमच्या बाळाची पिशवी चांगली राहिली असती.

त्याऐवजी नवव्या दिवशी ऑपरेशन झालं. ‘इन्फेक्शन होईल, थांबायला वेळ नाही,’ असं सांगितलं गेलं आणि आम्ही सही केली. सर्जन तरुण होते, मनाने चांगले होते. त्यांनी पिशवी आत ढकलून पोट शिवलं. कमरेच्या हाडांना हात लावला नाही. बाराव्या दिवशी सकाळी ड्रेसिंग सोडलं, तर टाके सुटलेले आणि पिशवी पुन्हा बाहेर. ते सर्जन खाटेजवळ बराच वेळ उभे राहिले. काही बोलले नाहीत. त्यांचं नाव मी कधीच घेणार नाही, कारण दोष त्यांच्या हातात नव्हता. त्या हातांपर्यंत आमचं बाळ पोहोचू देणाऱ्या व्यवस्थेत होता.

हाडांचं गणित मला नंतर कळलं. कमरेचं कडं पुढून उघडं असताना नुसती कातडी आणि स्नायू ओढून शिवले, तर बाळ जितकं रडेल तितका टाक्यांवर ताण येतो. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत आईकडून आलेल्या रिलॅक्सिन नावाच्या संप्रेरकामुळे बाळाची हाडं थोडी लवचीक असतात. तेव्हा काही बाळांत ती नुसती दाबून जवळ आणता येतात. ते दिवस गेले की ऑस्टिओटॉमी करावी लागते, म्हणजे कमरेचं हाड कापून दोन्ही बाजू पुढे वळवायच्या आणि ते जुळेपर्यंत पाय बांधून ठेवायचे. नवव्या दिवशी पहिली सवलत संपलेली होती आणि दुसरी तयारी त्या दवाखान्यात नव्हतीच.

बरं, आता जगातली अनेक मोठी केंद्रं मुद्दाम दोन-तीन महिने थांबतात. बाळ वाढू देतात, वजन भरू देतात, अनुभवी हाडांचे सर्जन आणि बालशल्यचिकित्सक एका दिवशी एकत्र आणतात आणि मग ऑस्टिओटॉमीसह सगळं करतात. तोवर बाळ घरीच असतं, फिल्मच्या झाकणाखाली. म्हणजे ज्या घाईने आमची सही घेतली, तशी घाई नव्हतीच. झाकलेली पिशवी थांबू शकते. पहिलं ऑपरेशन फसलं, तर मात्र ती पिशवी पुढे पुरेशी मोठी होण्याची आणि मूल कधी तरी आपल्या आपण कोरडं राहण्याची शक्यता बरीच घटते. दुसऱ्या वेळी पिशवी जखमांच्या वणांनी आखडलेली असते, कितीही निष्णात हात असले तरी.

आमचं दुसरं ऑपरेशन तो चौदा महिन्यांचा असताना एका मोठ्या शहरात झालं. कमरेची हाडं दोन्हीकडून कापली. चार आठवडे त्याचे दोन्ही पाय वर टांगलेले होते, आणि तो तसाच उताणा, माझ्या बोटाला धरून. तेव्हा त्याला नुकतं उभं राहता येऊ लागलं होतं. तिथून तो पुन्हा उभं राहायला शिकला.

त्या वॉर्डात मी जे शिकले ते बीएड-डीएडला शिकवत नाहीत. समोरच्या खाटेवर बीडकडचा तीन वर्षांचा मुलगा होता. त्याचा आजार वेगळा, पोस्टेरियर युरेथ्रल व्हॉल्व्ह. मूत्रमार्गात जन्मतःच पडदा. लघवी अडते, मागे मूत्राशय फुगतं, त्याच्या मागे किडन्या फुगतात. हा मुलांनाच होतो, आणि आमच्या आजारापेक्षा कितीतरी जास्त वेळा, पाच ते आठ हजार मुलांमागे एकाला. तिथे मात्र घाई हवीच. जन्मल्याबरोबर नळी घालून लघवी मोकळी करायची, बाळ सावरलं की दुर्बिणीने पडदा जाळायचा, आणि बाळ फारच लहान असेल तर तात्पुरतं पोटावर भोक ठेवायचं. त्याच्या वडिलांना वाटत होतं, पडदा जाळला म्हणजे विषय संपला. तीन वर्षं कोणाकडे दाखवलं नाही. मुलाचं क्रिएटिनीन, म्हणजे किडनी थकतेय हे सांगणारं रक्तातलं माप, वाढत गेलं आणि ते परत आले तेव्हा डॉक्टर डायलिसिसबद्दल बोलू लागले होते. अशा मुलांपैकी जवळजवळ एक तृतीयांशांना पुढेमागे किडनी निकामी होण्याचा सामना करावा लागतो. ‘ऑपरेशन झालं’ या दोन शब्दांनी त्या घराचा घात केला.

खिडकीजवळच्या मुलीच्या पाठीवर जन्मतः गाठ होती, ती पहिल्याच आठवड्यात बंद केली होती. पण मज्जारज्जूच अर्धवट असल्यामुळे मूत्राशयाला मेंदूचा निरोप पोहोचत नव्हता. पाय चालतात की नाही याकडे सगळ्यांचं लक्ष, आत वाढलेला दाब किडनीला पोखरतोय याकडे कोणाचं नाही. खरं तर अशा बाळांना लहानपणापासून दिवसातून चार-पाच वेळा नळीने लघवी काढून दिली आणि मूत्राशय सैल ठेवणारं ऑक्सिब्युटिनिनचं औषध दिलं, तर पुष्कळदा मोठं ऑपरेशन लागतही नाही. १९७२ साली अमेरिकेत जॅक लॅपिडीस या डॉक्टरांनी दाखवून दिलं की त्यासाठी ऑपरेशन थिएटरसारखी निर्जंतुक तयारी लागत नाही. धुतलेले हात, धुतलेली नळी आणि ठरलेली वेळ पुरे. माझ्या आईच्या पोथीत एवढं साधं व्रत सापडणार नाही.

आमच्या मुलाचा तिसरा टप्पा, मूत्रमार्ग बांधण्याचा, ठीक पार पडला. सहाव्या वर्षी पिशवी मोजली. त्या वयाच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण २४० मिली मावायला हवं. त्याच्यात मावलं ३५.

इथे खरा निवाड्याचा प्रसंग आला, आणि आमच्याजवळ वाचायला मराठीत एक पानही नव्हतं. म्हणून समोर आलेले मार्ग आम्हाला जसे समजले तसे मांडते. पुढच्या आईबापांना निदान एवढं तरी हाताशी असावं.

पिशवीचं तोंड अरुंद करून मुलाला त्याच्याच वाटेने लघवी करता यावी, हे सगळ्यांचं स्वप्न. पण त्यासाठी पिशवी आधी शंभरएक मिलीपर्यंत वाढलेली लागते. पहिलं ऑपरेशन नीट झालेल्या मुलांपैकी काहींना हे जमतं. आमच्यासाठी ते दार बाराव्या दिवशीच अर्धं लागलं होतं.

दुसरा मार्ग एका ज्येष्ठ सर्जनांनी सुचवला : दोन्ही किडन्यांकडून येणाऱ्या नळ्या मोठ्या आतड्याला जोडायच्या. मूल लघवी-शौच एकाच वाटेने करतं, कोरडं राहतं, आयुष्यात कधी नळी लागत नाही. हा मार्ग काही नवा नाही. लंडनच्या जॉन सायमन यांनी अशाच एका मुलावर तो करून पाहिला आणि १८५२ मध्ये त्याचा अहवाल छापला. आता त्यात बऱ्याच सुधारणा झाल्यात. ‘बाई, तुमच्या गावात पाणी एक दिवसाआड येतं. नळ्या कुठे धुवाल?’ असं ते म्हणाले तेव्हा मला राग आला होता. आज वाटतं, मला तो प्रश्न विचारणारे ते एकटेच होते. मूल शौच धरू शकतं का हे पाहायला आधी एनिमाचं पाणी देऊन तास-दोन तास धरायला लावतात, हेही त्यांनीच सांगितलं. मात्र त्या मार्गात किडनीला वारंवार जंतुसंसर्ग होऊ शकतो, रक्तात आम्ल वाढतं म्हणून सोड्याच्या गोळ्या घ्याव्या लागतात, आणि वीसेक वर्षांनी, जिथे नळ्या जोडल्या तिथे, आतड्याचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. म्हणून दहा वर्षांनंतर दर वर्षी दुर्बिणीने आतडं तपासायचं, जन्मभर. हे शेवटचं वाक्य मला त्यांच्याकडून नाही, शेजारच्या वॉर्डातल्या एका शिकाऊ डॉक्टरणीकडून कळलं.

तिसरा मार्ग आम्ही घेतला. लहान आतड्याचा एक तुकडा कापून, उघडून, ठिगळासारखा पिशवीला जोडायचा म्हणजे ती मोठी होते. पिशवीचं खालचं तोंड बंद करायचं. आणि अपेंडिक्सची नळी करून तिचं एक टोक पिशवीत, दुसरं बेंबीत आणायचं. त्यातून दर तीन-चार तासांनी नळी घालून लघवी काढायची. ही युक्ती पॉल मित्रोफानोफ या फ्रेंच सर्जनने १९८० मध्ये मांडली, आणि सगळीकडे तिला त्यांचंच नाव आहे. (डॉक्टरांना हात जोडून विनंती : अशा मुलाचं पोट दुसऱ्या कशासाठी उघडलं, तर ‘असू दे, काढून टाकू’ म्हणून अपेंडिक्स काढू नका. आमच्यासाठी तो सोन्याचा तुकडा आहे.)

या मार्गाचीही किंमत आहे, ती मी लपवणार नाही. आतडं पिशवीला जोडलं तरी आतडंच राहतं. ते बुळबुळीत शेंबडासारखा द्राव सोडतं. रोज रात्री सलाइनने पिशवी धुवावी लागते. आळस केला की खडे होतात. आमच्याकडून झाला, दहाव्या वर्षी खडा काढावा लागला. आणि तोंड बंद असल्यामुळे ही पिशवी म्हणजे शिट्टी नसलेला कुकर आहे. वेळ चुकली, नळी अडली, तर ती फाटू शकते आणि मग जिवाशी खेळ. सहलीला गेलेल्या मुलाच्या पोटात दुखायला लागलं, तर गावचा डॉक्टर गॅसची गोळी देईल. म्हणून त्याच्या दप्तरात एक कार्ड आहे, माझ्याच अक्षरात : ‘माझ्या मूत्राशयाचं ऑपरेशन झालंय. पोट दुखलं तर आधी बेंबीतून नळी घाला.’

नातेवाइकांच्या ग्रुपवर दर सहा महिन्यांनी ‘प्रयोगशाळेत बनवलेलं मूत्राशय’ फिरतं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या अँथनी अटाला यांनी सात रुग्णांबद्दल तो अहवाल छापला होता, हे खरं. ते रुग्ण पाठीवरच्या गाठीच्या आजाराचे होते आणि पुढच्या चाचणीत अपेक्षेइतका फायदा दिसला नाही, हेही खरं. पण दुसरं वाक्य फॉरवर्ड होत नाही.

आता मागणं.

राज्यात वर्षाला १८ लाखांच्या आसपास बाळं जन्मतात. हा आजार तीस ते पन्नास हजारांत एकाला होतो. म्हणजे छत्तीस ते साठ बाळं, आणि जिल्हेही छत्तीस. जिल्ह्याला वर्षाकाठी एक, फार तर दोन. वर्षाला एकदा केलेल्या कामात कोणाचाही हात बसत नाही. मी वर्षातून एकदा पुरणपोळी करते, तेव्हा पहिल्या चार फाटतात. पुरणपोळी फाटली तर निदान खाता येते.

इंग्लंडची लोकसंख्या आपल्या राज्याच्या निम्मी. तिथल्या सरकारने या आजाराच्या ऑपरेशनांसाठी दोनच केंद्रं ठरवून दिली आहेत, एक लंडनला, एक मँचेस्टरला. देशभरातली बाळं तिथेच जातात. इतकं लांब जायला नको असेल, तर आमच्या सीमेपलीकडे पाहा. अहमदाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलात २००९ पासून एक्स्ट्रॉफीची कार्यशाळा भरते. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयातले सर्जन येतात, तिथल्या सरकारी डॉक्टरांबरोबर एकाच टेबलावर ही ऑपरेशनं करतात, आणि मागच्या वर्षांची मुलंही तपासायला बोलावतात. ते सरकारी रुग्णालय आहे. जे गुजरातला जमलं ते मुंबई-पुणे-नागपूरला जमू नये असं त्यात काहीही नाही. बालशल्यचिकित्सेत नावाजलेली माणसं आपल्याकडे आहेत. ती विखुरलेली आहेत आणि बाळं त्यांच्यापर्यंत पोहोचतात ती कोणाच्या तरी ओळखीने.

म्हणून राज्यात दोन केंद्रं ठरवा. एक पश्चिमेला, एक विदर्भात. आणि असा आदेश काढा की या आजाराचं पहिलं ऑपरेशन त्या दोन ठिकाणांशिवाय कुठेही होणार नाही, कुठल्याही योजनेतून त्याचे पैसे मिळणार नाहीत. हे शेवटचं कठोर वाटेल. पण सर्जनला ‘हे माझं काम नाही’ म्हणायला आधार लागतो. आमच्या त्या तरुण सर्जनांना तो आधार मिळाला असता, तर त्यांनीही सुटकेचा श्वास सोडला असता.

प्रत्येक प्रसूतिगृहात, सरकारी असो की खाजगी, एक पान भिंतीवर लावा. चिमटा नको, दोरा. गॉझ नको, फिल्म. कापू नका, फोन करा. खाली केंद्राचा नंबर. आशाताईंच्या प्रशिक्षणात यासाठी दहा मिनिटं द्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला तो आपल्याच पालघरातून. त्याच्या मूळ यादीत जन्मजात दोष नऊ आहेत : पाठीवरची गाठ आहे, दुभंगलेले ओठ आहेत, वाकडे पाय आहेत, मोतीबिंदू, हृदयाचे दोष आहेत. मूत्राशय उघडं असणं नाही, मूत्रमार्गातला पडदाही नाही. यादीत नाव नसलं की तपासणीच्या फॉर्मवर चौकट नसते, आणि चौकट नसली की शाळेत आलेलं पथक माझ्या मुलाची उंची-वजन घेऊन निघून जातं. ते दरवर्षी येतं. दरवर्षी मी सांगते, दरवर्षी त्या ताई ‘इतर’मध्ये लिहितात. राज्याने आपल्या अखत्यारीत ही दोन नावं जोडावीत.

महात्मा फुले योजनेचं संरक्षण आपण दीड लाखावरून पाच लाखांवर नेलं, हे चांगलं केलं. पण ती योजना ऑपरेशन ओळखते, आजार ओळखत नाही. डिस्चार्ज झाला आणि आरोग्यमित्राने फाइल बंद केली की तिच्या लेखी मूल बरं झालं. आमच्या मुलांचं तसं नसतं. नळ्या, सलाइन, सिरिंज, वर्षातून दोनदा किडनीची सोनोग्राफी आणि रक्त, हे सगळं घरी आणि ओपीडीत होतं, म्हणून कुठेच बसत नाही. मी पगारदार आहे, निभावते. वॉर्डात भेटलेली नंदुरबारची एक आई मुलाची नळी, दिसेनासे अंक असलेली, सहा सहा आठवडे वापरत होती. मधुमेहाची गोळी जशी प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते, तशी आठ आणि दहा नंबरची नळी मिळाली तर काय बिघडेल? जिल्ह्यात अशी पन्नास मुलंही नसतील.

दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत. आमचा त्यांत नाही. तो केंद्राचा विषय आहे, आपल्याला त्याबद्दल बोल लावत नाही. माझ्या मुलाला प्रमाणपत्राची गरज वाटतही नाही. त्याला गरज आहे आतून कडी लागणाऱ्या संडासाची. म्हणूनच मी त्याला माझ्याच शाळेत घातलं, आणि कडी मी स्वतः बसवली. पुढच्या वर्षी तो हायस्कुलात जाईल. तिथल्या मुख्याध्यापकांशी बोलून आले. ते म्हणाले, ‘अडीचच्या सुट्टीत करेल ना?’ साडेदहा ते अडीच, चार तास. जेमतेम बसतं.

आणि शेवटी तो कागद, जो आम्हाला वॉर्डात कधी मिळाला नाही. कुठला मार्ग निवडला तर मूल कोरडं राहण्याची आशा किती, नळी लागेल का, दहा वर्षांनी काय तपासायचं, वीस वर्षांनी काय. लग्न, मुलंबाळं यांचं काय. हे सही घेण्याआधी आईबापांच्या हातात मराठीत पडलं पाहिजे. दोन्ही बाजूंनी छापलेलं एक पान पुरे. मजकुराचं वैद्यकीय सत्य आपल्या तज्ज्ञांनी तपासावं. भाषा सोपी करून द्यायला मी तयार आहे. दुसरीच्या वर्गाला बावीस वर्षं शिकवते आहे, त्यामुळे कठीण शब्द गाळायची सवय आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत बोलावलंत तर रजाही टाकावी लागणार नाही.

कळावे,
आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका,
जिल्हा धुळे

प्रत माहितीसाठी : वैद्यकीय शिक्षण विभाग, राज्यातील सर्व बालशल्यचिकित्सक, आणि ज्यांच्या हातात आज असं बाळ आहे असे सगळे आईबाप